कल्हई नसलेले भगोणे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवार, किल्ला आणि सनद या तीन वस्तू उभ्या राहतात. यात मी कोणाला दोष देत नाही. धुळ्यासारख्या गावात ज्याचे आयुष्य गेले त्याने सनदेची थट्टा करू नये. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावी देह ठेवला. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जुनी दफ्तरे आजही जपून ठेवलेली आहेत. गॅझेटियरे उघडावीत तर पावसाचे, कापसाचे आणि सारावसुलीचे आकडे रकानेच्या रकाने भरून मिळतात. परंतु महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या वंशावळीत ज्या एका वस्तूने मोठा खंड पाडला, तिची नोंद कोणत्याही दफ्तरात सापडावयाची नाही. ती वस्तू म्हणजे चुलीवरचे दुधाचे पितळी भगोणे.

हे विधान वाचून वाचक हसतील याची मला कल्पना आहे. पितळ म्हणजे घरंदाजपणा, पितळ म्हणजे आजीच्या हातची चमक, दिवाळीला चिंचेने घासून माजघरात ओळीने मांडलेली भांडी. जळगाव-धुळ्याकडे मुलीच्या लग्नात पितळेची भांडी किती दिली, यावर घराची पत ठरत असे. अशा भांड्यावर आरोप ठेवणे म्हणजे जवळजवळ कुळाचारावर आरोप ठेवण्यासारखे. पण आरोप माझा नव्हे. तो पुण्याच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी पुराव्यानिशी ठेवला, आणि तो कसा ठेवला गेला ही हकीकत कोणत्याही लढाईच्या बखरीइतकीच सांगण्याजोगी आहे.

प्रथम त्या रोगाविषयी. जुन्या पिढीतील माणसे त्याला नुसते 'लिव्हर' म्हणत. "मुलाला लिव्हर झाले" एवढे वाक्य उच्चारले की ऐकणारा पुढचे विचारीत नसे. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतचे मूल, त्यातही बहुधा मुलगा. काल-परवापर्यंत गुटगुटीत असलेले. ते किरकिर करू लागते, अंगात बारीक कसर राहते, पोट पुढे येते. वैद्याने उजव्या बरगडीखाली बोटे ठेवली की यकृताची कडा हाताला लागते, टणक आणि धारदार. काही आठवड्यांनी डोळे पिवळे होतात, पोटात पाणी साचते, आणि बहुतेक मुले काही महिन्यांतच जातात. डॉक्टरी पुस्तकांत याचे नाव 'इंडियन चाइल्डहुड सिरोसिस', म्हणजे भारतीय बालकांचा यकृत-काठिण्याचा रोग. १८८७ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी त्याचे वर्णन केले, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे त्याच्या नावातले 'इंडियन' हे विशेषण गळाले नाही. जगाच्या नकाशावर हा रोग जणू आपल्याच पदरी बांधला होता. १९५५ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन मंडळाच्या यकृतरोगविषयक उपसमितीने त्याचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. मद्रासच्या जम्मी यांचे 'लिव्हर क्युअर' देशभर प्रसिद्ध होते. एखाद्या रोगासाठी औषधाची अशी नाममुद्रा देशभर चालावी, यावरूनच त्या रोगाची दहशत किती होती हे कळते.

मला जुन्या वंशावळी वाचण्याचा छंद आहे. खानदेशातील सधन घरांच्या वंशावळींत एक शब्दप्रयोग वारंवार भेटतो: 'बाल्यी निवर्तला'. एकाच आईच्या पोटी तीन नावे आणि तिन्हींपुढे तोच शेरा. अर्थात देवी, पटकी, प्लेग, हगवण यांनीही मुले नेली. प्रत्येक शेऱ्यामागे यकृताचाच रोग होता असे कोणी म्हणू नये. पण या रोगाची एक खूण अशी होती की तो एकाच घरात पुनःपुन्हा येई. पहिले मूल गेले, दुसरे गेले, आणि मग घरातल्या माणसांची नजर हळूहळू त्या मुलांच्या आईकडे वळे.

या कहाणीतले खरे दुःख येथेच आहे. मूल गेल्याचे दुःख तर होतेच, पण त्याच्यावर आळ आला. हिचे दूध बाधते, हिचा पायगुण वाईट, हिच्या माहेरचा दोष आहे, कुळाला शाप आहे, एक ना दोन. वैद्यकाचे पुस्तक न वाचताही समाज निदान करीत असतो, आणि त्याचे निदान बहुधा घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसावर येऊन थांबते. यात दैवाचा क्रूरपणा असा की, जिथे "आईचे दूध बाधते" हे निदान झाले तिथे पुढच्या मुलाला अंगावरून लवकर तोडून वरच्या दुधावर ठेवीत. म्हणजे ज्या वाटेने संकट आले तीच वाट उपाय म्हणून अधिक रुंद केली जाई.

डॉक्टरांनाही कित्येक वर्षे काही उमजले नव्हते. त्यांनी एक गोष्ट मात्र अचूक टिपून ठेवली होती: हा रोग अगदी गरिबांच्या झोपडीत कमी आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्या ग्रामीण हिंदू घरांत जास्त दिसतो. उपासमारीचा रोग असता तर हे उलटे दिसावयास हवे होते. मग तर्क सुरू झाले. कोणी विषाणू म्हटले. कोणी आनुवंशिक दोष म्हटले. १९७१ मध्ये म्हैसूरकडील संशोधकांनी बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पिठातील अफ्लाटॉक्सिन या विषाकडे बोट दाखविले. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटली असावी, असाही एक विचार होता. त्या विचाराने स्टेरॉइड औषधे देऊन पाहण्यात आली. गुण आला नाही. यांतील प्रत्येक तर्कात थोडेफार तथ्य शोधता येई, पण कोणताही तर्क त्या सुखवस्तू घराच्या स्वयंपाकघरात शिरला नव्हता.

पहिला धागा सापडला तो सूक्ष्मदर्शकाखाली. १९७८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील पोर्टमन, टॅनर आदी संशोधकांनी या रोगाने ग्रासलेल्या भारतीय मुलांच्या यकृताच्या चकत्या ऑर्सीन नावाच्या रंगाने रंगविल्या. यकृतपेशींत तपकिरी काळसर कणांचा खच दिसला. तांब्याला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाची ती खूण. दुसऱ्याच वर्षी, १९७९ मध्ये, यकृतातील तांबे प्रत्यक्ष मोजण्यात आले. वाळविलेल्या यकृताच्या एका ग्रॅममध्ये प्रौढ माणसाचे तांबे सामान्यतः पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांत ते आठशेपासून पुढे हजारांच्या घरात निघाले. या कामात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित यांचा वाटा होता. पुढे त्यांनी, डॉ. शीला भावे यांनी आणि ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांनी मिळून तो प्रश्न विचारला, जो विचारायला डॉक्टरपेक्षा आजीबाईच अधिक लायक: "हे तांबे आले कोठून?"

उत्तर आईच्या दुधात नव्हते. त्यात तांबे अगदी थोडे असते. ते गाई-म्हशीच्या दुधातही नव्हते. त्यात तर आणखी थोडे. उत्तर भांड्यात होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. अशा भांड्यात दूध तापवावे, त्यातच ते दिवसभर ठेवावे, पुन्हा तापवावे, म्हणजे धातूतील तांबे हळूहळू दुधात उतरते आणि दुधातील केसीन या प्रथिनाला चिकटून बसते. डोळ्यांना काही दिसत नाही, जिभेलाही फारसे कळत नाही. १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात या मंडळींचा निबंध आला: तान्हेपणीच सुरू केलेले, तांब्याने दूषित झालेले वरचे दूध हे या रोगाचे संभाव्य कारण होय. १९८७ मध्ये त्यांनी आजारी मुलांच्या आहाराचा इतिहास निरोगी मुलांच्या आहाराशी जोडीजोडीने ताडून पाहिला, आणि फरक पुन्हा त्या दुधाच्या भांड्यापाशीच आला.

आता मराठी भाषेचे एक नवल पाहा. आपल्याकडे 'कळकणे' असे क्रियापद आहे. ताक, चिंच, आमटी असे आंबट पदार्थ पितळेत राहिले की कळकतात. ते टाकून द्यावे लागतात. म्हणजे धातू अन्नात उतरतो हे आपल्या आज्यापणज्यांना शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ठाऊक होते. नुसते ठाऊक नव्हते, त्यावर उपायही होता. गल्लीत कल्हईवाला येई, खड्डा खणून भाता लावी, भांडे लाल तापवी, नवसागराची पूड टाकी आणि कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने आतून चांदीसारखा मुलामा देई. नवसागराच्या त्या पांढऱ्या धुराचा वास आमच्या पिढीच्या नाकातून अजून गेलेला नाही. पण ही सारी सावधगिरी आंबटासाठी होती. दूध गोड आणि सात्त्विक. त्याला कसली बाधा व्हायची, असा समज. आमटीच्या पातेल्याला जी कल्हई अगत्याने लावीत ती दुधाच्या भगोण्याला लावलीच पाहिजे असे कोणाला वाटत नसे. ज्ञान घरात होते, ते एका भांड्यापासून शेजारच्या भांड्यापर्यंत पोहोचले नाही इतकेच.

गरिबाच्या घरी मूल का वाचले, हेही मग उलगडले. तिथे दुभते नव्हते, म्हणून मूल दीड-दोन वर्षे आईच्या अंगावर वाढले. आणि भांडे बहुधा मातीचे किंवा 'जर्मन'चे, म्हणजे ॲल्युमिनियमचे. ज्याच्या गोठ्यात म्हैस आणि फडताळात पितळ, त्याच घरात धोका. तान्ह्या मुलाची शरीररचना यात भर घाली. जन्मतः बालकाच्या यकृतात तांब्याचा साठा मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक असतो. पित्तावाटे तांबे बाहेर टाकण्याची शक्ती मात्र अजून कोवळी असते. भरल्या घड्यात वरून धार धरावी तसा हा प्रकार.

येथवर तांब्याची कथा झाली. पण तांबे साचले म्हणून यकृत दगडासारखे टणक का व्हावे? याचे उत्तर समजून घ्यावयाचे तर यकृताच्या आत, पेशींच्या वस्तीत जावे लागते. तेथे एक टपालखाते आहे आणि त्या टपालावरच सारा प्रसंग ओढवतो.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येते. जेवणातील पोषणाबरोबर आतड्यांतील जंतूंचे कण आणि विषेही त्याच वाटेने येतात. म्हणून यकृताच्या रक्तवाटांवर पहारेकरी बसविलेले आहेत. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कुप्फर यांनी १८७६ मध्ये यकृतात ताऱ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्या आणि त्यांच्या नावाने पुढे जंतुभक्षक पहारेकऱ्यांना 'कुप्फर पेशी' म्हणू लागले. गंमत अशी की कुप्फर यांनी प्रथम पाहिल्या त्या पहारेकरी पेशी नव्हत्याच. त्या दुसऱ्याच, चरबीचे थेंब आणि 'अ' जीवनसत्त्व साठविणाऱ्या तारकापेशी होत्या. १९५१ मध्ये जपानच्या इतो यांनी या साठवणीच्या पेशींचे वर्णन केले आणि १९७१ मध्ये वाके यांनी दाखवून दिले की कुप्फरांचे तारे आणि इतोंच्या पेशी एकच. जवळजवळ शंभर वर्षे दोन शेजाऱ्यांची नावे एकमेकांत मिसळली होती. आपल्या कथेत या दोघांचीही गरज आहे.

यकृतपेशी जखमी झाली, मग ती तांब्याने होवो वा दारूने, की तिच्यातून काही द्रव्ये बाहेर सांडतात. ती धोक्याची खूण. आतड्यांतून आलेला जंतूंचा कण ही दुसरी खूण. कुप्फर पेशीच्या अंगावर या खुणा ओळखणारे ग्राहक असतात. त्यांतील एका कुळाला 'टोल' म्हणतात. हा जनुक प्रथम फळमाशीत सापडला, माशीच्या संरक्षणातील त्याचे काम १९९६ मध्ये हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत कळले, आणि सस्तन प्राण्यांत जंतुविष ओळखणारा त्याचा भाऊबंद १९९८ मध्ये बॉयटलर यांनी उंदरांत शोधला. दोघांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खूण पटली की पहारेकरी पेशी निरोप सोडते. या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. त्यांतील 'टीएनएफ' हे नाव १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पडले. निरोप पोहोचला की रक्तातील पांढऱ्या पेशी धावत येतात. हाच दाह. दुसरा निरोप, 'टीजीएफ-बीटा' नावाचा, तारकापेशीला जातो. ती आपली साठवणीची शांत चाकरी सोडून उठते आणि जखम बुजविण्यासाठी तंतू विणू लागते.

एकदा जखम झाली, एकदा निरोप गेला, एकदा तंतू विणले गेले, तर सारे उपकारकच. शेताला आग लागली तर गाव धावून येतो तसे. पण रोज सकाळ-संध्याकाळ, तापलेल्या दुधाच्या प्रत्येक वाटीबरोबर तीच जखम होत राहिली तर? मग निरोप थांबत नाहीत. धावून आलेल्या पांढऱ्या पेशी आग विझविताना आणखी घरे पाडतात, पडलेल्या घरांतून नव्या खुणा सांडतात, त्यांतून नवे निरोप निघतात. तारकापेशी विणतच राहते आणि यकृत तंतूंच्या जाळ्यात आवळले जाते. बोटाला लागणारी ती टणक, धारदार कडा म्हणजे हे विणकाम.

निरोपांच्या या साखळीचे ज्ञान मुख्यतः दारूच्या आणि इतर यकृतरोगांच्या अभ्यासातून आले. पण ते आपल्या बालकांना लागू का करावे, याला एक विलक्षण साक्ष आहे. १९११ मध्ये बोस्टनचे मॅलरी यांनी मद्यपींच्या यकृतपेशींत एक विशिष्ट गोळा पाहिला. त्याला मॅलरी पिंड म्हणतात. दोन वर्षांच्या, दुधाखेरीज काहीही न प्यायलेल्या आपल्या मुलांच्या यकृतात तोच पिंड, त्याच्याभोवती पांढऱ्या पेशींचे तसेच कोंडाळे आणि एकेका पेशीला वेढणारे तसेच तंतू दिसत. चकती पाहणाऱ्याने क्षणभर विचारावे, हे यकृत कोणा दारुड्याचे का? कारण निराळे, पण यकृताची हाक मारण्याची भाषा एकच.

आता उपाय. दाह वाईट, तर निरोपच बंद पाडावेत, ही कल्पना कोणालाही सुचेल, आणि ती विद्वानांनाही सुचली. मद्यजन्य यकृतदाहाच्या रोग्यांना टीएनएफ रोखणारी औषधे देण्याचे प्रयोग झाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला फ्रान्समधील प्रयोग जंतुसंसर्ग वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात औषध घेणारेच सहा महिन्यांत अधिक दगावले. पहारेकऱ्याचे तोंड बांधले तर आग थांबत नाही. उलट चोरही घरात शिरतात.

पुण्यात दुसरी वाट धरली गेली. इंग्लंडचे वॉल्श यांनी १९५६ मध्ये विल्सनच्या रोगात, म्हणजे तांबे साठण्याच्या एका आनुवंशिक व्याधीत, पेनिसिलामिन हे औषध वापरले होते. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेते. पंडित, भावे आणि टॅनर यांनी ते या मुलांना दिले. कावीळ आणि जलोदर होऊन गेलेल्या मुलांत फारसा उपयोग झाला नाही. पण त्याआधीच्या अवस्थेत आलेली बरीच मुले वाचली. १९९६ मध्ये पुण्याहूनच या वाचलेल्या मुलांचा पुढील वर्षांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. औषध बंद केल्यावरही रोग परतला नव्हता. काहींच्या यकृताच्या पुन्हा काढलेल्या चकत्यांत दाह ओसरलेला आणि तंतूंचे जाळे विरत जाऊन रचना जवळजवळ पूर्ववत झालेली दिसली. ज्या रोगाला शंभर वर्षे मृत्यूचे दुसरे नाव मानले, त्यात यकृताने स्वतःचे विणकाम स्वतःच उसवावे ही गोष्ट लहान नव्हे. जखम करणारा हात बाजूला झाला, म्हणून निरोप थांबले. निरोप थांबले, म्हणून तारकापेशी पुन्हा आपल्या जुन्या चाकरीवर गेली.

परंतु खरा विजय औषधाचाही नव्हे. वाचलेल्या मुलांहून आजारीच न पडलेली मुले कितीतरी अधिक, आणि त्यांचे श्रेय कोणाला द्यावे हे सांगणे अवघड. डॉक्टरांनी सल्ला दिला हे खरे. पण त्याच काळात दारोदारी बोहारीण फिरत होती. जुनी लुगडी आणि विजारी घेऊन तिने खानदेशच्या ओट्याओट्यांवर स्टेनलेस स्टीलचे डबे आणि पातेली ठेवली. घासायला सोपे, कल्हईचा खर्च नाही, आणि दिसायला चकचकीत. गृहिणींनी स्टील घेतले ते सोयीसाठी. यकृतरोगाचा विचार त्यांच्या मनातही नव्हता. तरी गेल्या शतकाच्या अखेरीस हा रोग रुग्णालयांतून दिसेनासा झाला. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात अगदी असेच घडले होते. १९९६ मध्ये तेथील संशोधकांनी १९०० ते १९७४ या काळातील १३८ बालकांची नोंद प्रसिद्ध केली: रोग तसाच, गाईचे दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविण्याची चाल तशीच, आणि भांडी बदलताच रोग नाहीसा. तेथील वंशावळींवरून असेही दिसले की आनुवंशिक नाजूकपणा आणि तांबे या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच रोग होई. म्हणजे 'इंडियन' हे विशेषणही गळाले. रोग एका देशाचा नव्हता, एका भांड्याचा होता.

इतिहास लिहिणाऱ्याने उलट साक्षही नोंदवावी. पितळी भांडे हे सर्व रोग्यांचे कारण होते, हे सर्वांना मान्य नाही. १९७९ मध्ये या मुलांच्या यकृतपेशींतील तांब्यावर लिहिणाऱ्यांत डॉ. नायक होते, त्यांनीच २०१३ मध्ये डॉ. चितळे यांच्यासह लिहिलेल्या निबंधात अन्नातून आलेल्या तांब्याच्या सिद्धान्ताला हरकत घेतली. सर्वच मुलांच्या घरी पितळेत दूध तापत नव्हते, आणि पितळेत दूध तापणाऱ्या असंख्य घरांतील मुले धडधाकट वाढली, हे दोन्ही खरे. टिरोलचा दाखला दुसऱ्या आक्षेपाला काहीसे उत्तर देतो. पहिल्यावर वाद राहील. पण आईच्या पायगुणाला मात्र या वादात कोठेही जागा नाही. त्या आळाची केस कायमची निकालात निघाली आहे, आणि ज्या बायकांवर तो होता त्यांपैकी बहुतेकींना हा निकाल ऐकावयास मिळाला नाही.

आज जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांत यकृताचे रोगी कमी नाहीत. मात्र ते पाळण्यातले नाहीत. कोणाला दारू, कोणाला कावीळ 'ब' किंवा 'क'चे जुने विषाणू, कोणाला वाढत्या पोटाबरोबर आणि मधुमेहाबरोबर आलेले चरबीचे यकृत. कारणे बदलली, आत तेच पहारेकरी आहेत, तेच निरोप आणि तेच विणकाम. म्हणून त्या मुलांनी शिकविलेला धडा या मोठ्या माणसांनाही लागू आहे. यकृत चांगल्या-वाईटाचा हिशेब मुकाट्याने ठेवते, वर्षानुवर्षे कण्हत नाही, आणि तरीही जखमेचे मूळ वेळेवर दूर केले तर बरेचसे विसरावयास तयार असते. ग्लास खाली ठेवणे, वजन उतरविणे, विषाणूवरचे औषध घेणे, 'ब' काविळीची लस बाळाला वेळेवर टोचून घेणे, ही कामे दिसायला फार साधी आहेत. भगोणे बदलणेही तितकेच साधे होते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. अलीकडे पितळ आणि तांबे पुन्हा शोभेच्या कपाटातून ओट्यावर येऊ लागले आहेत. वारसा म्हणून, आरोग्य म्हणून, हौस म्हणून. माझी त्याला हरकत नाही. जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्यांत माझाही नंबर बराच वरचा लागेल. पण भांडी परत आली तशी कल्हईही परत यावी. कल्हईवाला आता गल्लीत ओरडत येत नाही, त्याला शोधून काढावे लागते. तेवढे श्रम घ्यावेत. आणि घरात तान्हे मूल असेल तर त्याचे पहिले सहा महिने आईच्या दुधावर जावेत, आणि पुढचे वरचे दूध स्टीलच्या पातेल्यात तापावे. पितळेची चमक दिवाळीच्या चार दिवसांत डोळे भरून पाहावी; बाळाचे दूध मात्र तिच्यापासून दूर ठेवावे.